इंजिनावरचे वाकडे अंक

दोहा शहरातले ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेले नाही. कोणत्याही पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत ते नाही. महाराष्ट्र पोलिसांत चोवीस वर्षे, त्यातली नऊ वाहनचोरी पथकात काढून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पत्नीची नोकरी कतारमध्ये होती, म्हणून दोहाच्या बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि विमा सर्वेक्षकांच्या एका फर्ममध्ये वाहन तपासनीस झालो. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला वर्षभर उरले होते. रस्त्यांच्या कामांमुळे वाटा रोज बदलत. ऑफिस गाठायला मला कधी अठरा मिनिटे लागत, कधी पन्नास.

एका कतारी गृहस्थांची जुनी अमेरिकन मसल कार वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी भरणाऱ्या प्रदर्शनात उभी राहणार होती. दोन दारे, आठ सिलिंडरचे मोठे इंजिन, वय पन्नाशीचे. अशी गाडी किती चकचकीत आहे याला महत्त्व नसते. कारखान्यातून जशी निघाली तशीच आहे का, एवढेच पाहतात. इंजिन तर मूळचेच लागते. परीक्षक अमेरिकेहून येणार होता. त्याआधी विम्यासाठी मालकाने आमच्याकडून तपासणी मागवली.

त्याच आठवड्यात, गाडी जिथे होती त्या गॅरेजमधल्या एका इलेक्ट्रिशियनचा मला फोन आला. "साहब, फोरमन ने असली इंजिन निकाल के बेच दिया. दूसरा डाला, उस पे नंबर ठोक दिया. खुद देख लो."

फोरमन वसईचा होता. वय चोपन्न, आखातात एकोणीस वर्षे. चौदा महिने ती गाडी मूळ रूपात आणण्याचे काम त्याच्याकडे होते.

इंजिनाच्या पुढच्या बाजूला बोटभर रुंद पट्टीवर नंबर होता. मी भिंग लावले. दोन अंक तिरके, एक जास्त खोल, शेवटचा ओळीपासून अर्धा मिलिमीटर खाली. पथकात आम्हाला हेच शिकवले होते: कारखान्याचा नंबर एका ओळीत असतो, चोराचा हात हलतो. याच खुणेवरून मी चोरीच्या कितीतरी मोटरसायकली ओळखल्या होत्या.

फोरमनला समोर बसवले. जुन्या सवयीने तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत तीनदा विचारला. उत्तर तिन्ही वेळा तेच आले: इंजिन मूळचेच आहे, पट्टीला हात लावलेला नाही.

"पाठ केल्यासारखं बोलताय तुम्ही," मी म्हणालो.

"साहेब, खरं एकच असतं. तीनदा वेगवेगळं कुठून आणू?"

"मग हे अंक असे का?"

"असेच होते. तिथे आत रंगाचे ओघळसुद्धा आहेत, बघा. तेही मी ठेवलेत."

"ओघळ कोण ठेवतं?"

"फॅक्टरीने ठेवले, मी नाही. दिवसाला एवढ्या गाड्या निघायच्या, कोण बघत बसणार? आपल्याला काय वाटतं, अमेरिकेतले लोक काम करताना फूटपट्टी घेऊन बसायचे?"

तो हसला. मला ते हसणे निर्ढावलेपणाचे वाटले. त्याने दाखवलेले ओघळ मी पाहिलेही नाहीत. चौकशीत संशयित बोटाने जिकडे दाखवतो तिकडे बघायचे नाही, हीही सवयच.

अहवालात मी लिहिले: 'नंबर नंतर ठोकलेला असण्याची दाट शक्यता.' गॅरेजच्या मॅनेजरने तेवढेच वाचले. आठव्या दिवशी फोरमन विमानात होता आणि त्याच्या जागी तो इलेक्ट्रिशियन आला. खबर देणाऱ्याचा फायदा काय, हा प्रश्न मी सेवेत असताना सर्वांत आधी विचारत असे. इथे तो विचारायचे मला सुचलेच नाही.

मालकाने मात्र हट्टाने ती गाडी परीक्षकापुढे ठेवली. मीही उभा होतो. परीक्षक सत्तरीचा, गुडघ्याखाली घालायला रबरी चटई घेऊन आलेला. त्याने पट्टीवर आडव्या कोनातून टॉर्च धरला आणि मला वाकायला सांगितले. पट्टीभर बारीक समांतर रेघा होत्या. कारखान्यात धातू तासताना उमटलेल्या. त्या अंकांच्या खालून न तुटता आरपार जात होत्या. जुना नंबर कोणी घासला असता तर त्या राहिल्याच नसत्या.

"पण अंक वाकडे आहेत," मी म्हणालो.

"ते हाताने ठोकायचे," तो म्हणाला. "सरळ असते तर मला शंका आली असती."

त्याने गुण कापले ते एकाच जागी. आतल्या भागातले रंगाचे ओघळ कोणीतरी घासून गुळगुळीत केले होते. फोरमन गेल्यानंतर.

मी दुसरा अहवाल दिला. मॅनेजर म्हणाला, "गाडी पास झाली ना? खलास." माणूस परत बोलवायचे त्याने मनावर घेतले नाही. मालकाला भेटलो. ते "इन्शाल्ला" म्हणाले आणि विषय बदलला.

मग मी वसईला फोन लावला. काय झाले ते सगळे सांगितले.

"पत्र द्या साहेब," फोरमन म्हणाला. "मराठीत. माझे वडील आहेत. गावात सगळे विचारतात, वर्ल्ड कपच्या कामांना लोक तिकडे जातायत आणि तुमचा मुलगा परत कसा आला. ते आता घराबाहेर पडत नाहीत."

ते पत्र मी तीनदा लिहिले. पहिल्या दोन मसुद्यांत 'गैरसमज झाला' असे होते. तिसऱ्यात 'माझी चूक झाली' असे लिहिले आणि खाली हुद्द्यासकट सही केली.

नऊ वर्षे मी चोराचा हात ओळखायला शिकलो होतो. प्रामाणिक माणसाचे घाईतले काम कसे दिसते, हे मात्र कधी शिकलो नव्हतो. आपल्याला जे ओळखता येते तेच आपण सगळीकडे पाहतो. त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

पत्र पोहोचल्यावर फोरमनचा फोन आला. वडिलांनी स्वतः वाचले, म्हणाला. मग म्हणाला, "त्यांना तुमच्याशी बोलायचंय."

म्हातारा आवाज हळू होता, पण स्पष्ट. त्यांनी एकच गोष्ट विचारली. नंबर खरा आहे हे कळायला त्या परीक्षकाला किती वेळ लागला?

तेव्हा मी घड्याळ पाहिले होते. चार मिनिटे, मी सांगितले.