बिबट्याच्या तोंडाशी बांधलेल्या शेळ्या

साल दोन हजार चोवीस. माझं वय बहात्तर, शाळा चौथीपर्यंत, आणि वाघबकरीच्या डावात मला हरवणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. त्या वर्षी मी ओळीनं चाळीस डाव हरलो.

नात सोनल शहरात, सावेडीला खोली करून कॉम्प्युटर शिकते. लहानपणी देवळाच्या फरशीवर खडूनं आखून मी तिला वाघबकरी शिकवली, तोच डाव तिनं परीक्षेसाठी मोबाईलात बसवला. वाघाच्या जागी बिबट्या, पट म्हणजे उसाचं रान (आमच्याकडं बिबट्याची मादी उसातच विते, ही अक्कल माझी!). शेळ्या माझ्या. त्यांनी बिबट्या कोंडला तर मी जिंकलो, त्यानं शेळ्या खाल्ल्या तर तो. दिवाळीत तिनं डाव माझ्या मोबाईलवर चढवला. "आबा, रोज खेळा. मला तिकडं समदं दिसतंय."

बिबट्याच्या डोक्यावर नाव होतं, सोनल. झालं! मी समजलो, तिकडून तीच खेळते.

म्हातारी जाऊन तीन वर्षं झाली, लेक-सून पुण्याला. सोबतीला भिंतीवरचं घड्याळ, तेही बंद. आता पहाटे पाचला मोबाईल उघडला की पोरगी हजर! मी शेळी ठेवली की बिबट्या लगेच हलायचा. पारावर सांगून आलो, नात पाचला उठती, आज्यासाठी.

पण ही लहानपणी हरली की दोन-दोन वेळा जेवायची नाही. परीक्षेचे दिवस, उपाशी राहिली तर? म्हणून एकेक शेळी मी मुद्दाम बिबट्याच्या तोंडाशी नेऊन बांधायचो. हरलो की मोबाईलला म्हणायचो, "जिंकलीस बाई. आता जेवून घे." उत्तर यायचं नाही. म्हटलं, तोंडात घास असंल.

महिन्यानं तिचा फोन आला, आवाज रडवेला. सरांनी (जन्मात वाघबकरी न खेळलेल्या!) पहिल्याच डावात तिचा बिबट्या कोंडला होता.

"आबा, तुमच्यासारखा गडी चाळीसदा हरला, म्हणून मी बिबट्याला हुशार समजले. मुद्दाम हरत हुता व्हय?"

"तू रुसशील म्हणून."

"मी कुठं खेळत हुते? डाव मी बनवला म्हणून नाव माझं, बिबट्याला मोबाईलच हलवतोय."

म्हणजे पाचला कोणी उठत नव्हतं.

बिबट्या सुधारायला सरांनी आठ दिवस दिले होते. "आता खरं खेळा," ती म्हणाली, "म्हंजी त्याच्या चुका मला दिसतील."

"म्या कधी खोटं खेळलो न्हाई," मी ठणकावलं. (चाळीस डाव वगळून.)

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बसलो. तीन डाव खेळलो, तिन्ही वेळा बिबट्याला शेपूट हलवायला जागा ठेवली नाही. ते तीन सोनलसाठी. मग पडद्यावर आलं, 'पुन्हा खेळायचं?' म्हातारी गेल्यापासून मला असं आपणहून कोणी विचारलं नव्हतं. खेळलो. आणि चौथ्या डावाला गुपचूप एक शेळी त्याच्या तोंडाशी नेऊन बांधली. मशीन रुसत नाही म्हणतात. पण उद्या आलंच नाही तर?