लामुनूची बोलूदेत

लामुनूने डुकरिणीचं नाव ठेवलं होतं 'बोलूदेत'. आम्हा अचोली लोकांत शेजाऱ्यांना मारायचा टोमणा जनावराच्या नावात घालतात, आणि मूलबाळ नसलेल्या या विधवेवर जीभ चालवणारे शेजारी काही कमी नव्हते. बाटलीने दूध पाजून वाढवलेली बोलूदेत तिच्यामागे विहिरीवर जाई, चुलीपाशी लोळे. ती विकायची नाही, खायची नाही, हे गावाला ठाऊक होतं.

यंदा नदीपलीकडून डुकरांचा ताप आला. त्यावर लस नाही, औषध नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी आंब्याखाली सभा घेऊन सांगितलं, डुकरं कोंडून ठेवा, मेलेली पुरा, त्यांचं मांस फिरवू नका. लामुनूने कुंपण घातलं, येणाऱ्याजाणाऱ्याला पाय धुवायला लावले. "बाळंतिणीची खोलीच जणू!" बायका हसल्या.

मग मोठी नणंद लाकेर पानात बांधलेलं मांस घेऊन आली.

"वन्सं, हे कुठलं?"

"आमच्याच घरचं. डुक्कर जरा मलूल दिसत होतं, म्हणून मरायच्या आत कापलं. घे, तुझा वाटा."

"पण डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर तुझी नणंद आहे का गं? भाऊ गेला तरी त्याच्या दाराशी वाटा आणते मी. तो परत नेऊ?"

वाटा नाकारला की नातं तुटलं. लामुनूने तो घेतला. आमच्याकडे तापाने मारली नसतील तेवढी जनावरं या भिडेने मारली आहेत, आणि हे मी रागानेच सांगतोय. माणसाला त्या मांसाने काही होत नाही. तिने ते शिजवलं, नाचणीच्या उंड्याबरोबर खाल्लं. पण मांस धुतलेलं पाणी हाताच्या सवयीने कोंड्याच्या बादलीत गेलं. ध्यानात येऊन ती धावली, तेव्हा बोलूदेत बादलीचा तळ चाटत होती.

आठवड्याच्या आत तिचे कान लालजांभळे झाले, मागचे पाय लटपटू लागले. लाकेर शेजारणींना घेऊन आली. सगळ्यांच्या हातांत पराती होत्या.

"कशाला हाल करतेस तिचे? सुरी आण. आम्ही सगळ्यांनी तुला वाटे दिले, आता तुझी पाळी."

"ही वाटायची नाही. पुरायची."

"पुरायची? एवढं मांस मातीत? कवडीचुंबक कुठली!"

"वन्सं, तुमची पिल्लं अजून खातापिताहेत ना? एकीला मी मारलंच आहे. तुमची नाही मारणार."

लाकेरने परात आपटली. "माझ्या भावाच्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही!" ती गेली. सासरचं तेवढंच एक माणूस उरलं होतं, तेही तुटलं.

लामुनूने एकटीने खड्डा खणला. तो झाला तरी बोलूदेतचा श्वास चालू होता. ती शेजारी बसली आणि सवयीने नाव घेतलं. ते ऐकताच बोलूदेत पुढचे पाय रोवून उठायला धडपडली, कोसळली, पुन्हा धडपडली. तेव्हापासून तिचा शेवटचा श्वास जाईपर्यंत, ते नाव पुन्हा निघू नये म्हणून, लामुनू स्वतःच्या तोंडावर हात दाबून बसून राहिली.