घाटा भरवणारा हात

त्या दिवशी घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर, आम्ही चौघी होतो. मी, माझी मोठी बहीण अक्का, आमची काकू आणि काकूची सून. खाली ओट्यावर काका बसलेले, पण त्यांना ऐकू कमी यायचं. आखाजीच्या सणाला आम्ही दोघी बहिणी धुळ्याकडं माहेरी आलो होतो, अक्का यावलहून, मी पहूरहून. तेव्हा इंग्रजाचंच राज्य होतं.

आमची माय तापाच्या साथीत गेली तेव्हा मी दुधाच्या दातांची. अक्का चांगली मोठी होती, म्हणून माय सगळी तिच्याच वाट्याला आली. मायचा चेहरा तिला आठवायचा, चाल आठवायची, शिव्यासुद्धा आठवायच्या. फोटो कुठला आमच्यात! दर आखाजीला ती मायच्या गोष्टी सांगायची आणि मी जळायची. तिला केळीचा मळा, गरीब स्वभावाचा नवरा. माझ्या घरी सासूचा जाच, दोन लेकरं पुरलेली. ते सोसलं, नशिबाचं होतं. पण मायची याद तिच्याजवळ पोतंभर अन् माझ्याजवळ चिमूटभर, हे काही गिळवायचं नाही.

मी कान देऊन ऐकायची. एका साली मायचं लुगडं हिरवं, पुढच्या साली लाल. कधी माय चुलीपाशी गायची, कधी विहिरीवर. अक्काला पत्ताच नाही. सांगून सांगून तिची माय बदलत चालली होती. मी मनात म्हणायची, माझी याद एकच आहे, पण तिला मी कोणाचा हात लागू दिला नाही.

ती अशी. बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा शिजतोय, आंबूस वास सुटलाय, आणि एक हात माझ्या तोंडाशी. गरम घाटा, वर कच्चं तेल. मनगटावर गोंदलेली तुळस. चेहरा नाही. एरवी कितीही डोकं खाजवा, येणार नाही. तो वास आला की आपोआप यायची.

त्या दिवशी आम्ही बिबडेच थापत होतो. वास नाकात, आणि अक्काचं मायच्या लुगड्याचं पुराण पुन्हा सुरू. मला राहवलं नाही, सांगून टाकलं.

अक्का हसली. "अवं येडी, तो मायना हात नही, मना व्हता! माय तं त्या उन्हाळाना पहिलेच गयी व्हती. तुले मीच घाटा चारेल शे." आणि मनगट पुढं केलं. "हाई देख तुळस."

काकू थापता थापता म्हणाली, "तुनी तुळस तं नंतर, लगीनना साले काढेल शे. मी धरेल व्हती तुले. इतकी बोंबलनी का गल्लीना कुत्रा भुकाले लागनात!"

सून खदखदून हसली. अक्का कशाला हटते! "मंग तुळस हिनी नंतर जोडी व्हई."

मी विचारलं, "काकू, मायना हातवर तुळस व्हती का?"

"गोंदेल तं व्हतं बाई. तुळस का विंचू, आते याद नही."

वाटलं, अक्काचं थोबाड घाट्यात बुडवावं. पोतं तिचं, तरी माझी चिमूट तिला हवी! राहिलेले बिबडे थापले.

तेव्हापासून तो वास आला की हाताला चेहरा येतो, अन् तो अक्काचा. हटकलं तरी जात नाही. तिचंच खरं असेल. ती जाऊनही आता पुष्कळ सालं झाली, तरी बसलीय तिथंच, मायच्या जागी. अजून जळते मी.

मला लिहिता येत नाही, नात लिहितेय. वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. घरात बिनमायचं लेकरू असेल आणि ते मायची काही आठवण सांगायला लागलं, तर खरं-खोटं करू नका. हो म्हणा, अन् त्याला जेवायला वाढा.