मनकर्णाबाईंच्या दुकानातला व्हॅक्यूमचा पाइप

कामठी रोडवर गड्डीगोदामच्या पुढे गणपतरावांचं मोटारीच्या रबरी सामानाचं दुकान होतं. १९७१ च्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं निम्मं राहिलं. काही दिवस दुकान बंद होतं. मग एका सकाळी त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, फळ्या काढल्या आणि त्या गल्ल्यावर बसल्या. त्याआधी त्या दुकानात फक्त डबा द्यायला यायच्या.

ट्रकवाले त्यांना पाहून बाहेरूनच विचारायचे, "भाऊ नाई काय?"

"घरी आहेत. काय पाहिजे ते सांगा, मी देते."

रेडिएटरचे होज म्हणजे रबरी नळ्या, फॅनबेल्ट, वॉशर, सगळं त्या हळूहळू शिकल्या. घरी वस्तू न्यायच्या, गणपतरावांसमोर धरायच्या आणि ते मान हलवून हो-नाही सांगायचे.

त्या काळच्या पुष्कळ ट्रकांत ब्रेकला व्हॅक्यूमचा जोर असे. इंजिनाला जोडलेला पंप एका पाइपातून हवा ओढून घेई आणि त्यामुळे भरलेला ट्रकही पायाच्या बेताच्या दाबानं थांबे. या पाइपासाठी गणपतराव कापडाचे थर घातलेला जाड काळा होज देत आले होते, म्हणून मनकर्णाबाईही तोच देत. तोच का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात तो होज बाजारात मिळेना. तेवढ्यात एक विक्रेता पारदर्शक प्लास्टिकच्या पाइपाचं भेंडोळं ठेवून गेला. दिसायला छान, कापायला सोपा. त्याच सुमारास रामटेकहून तांदूळ आणणारे ड्रायव्हर वामनराव घाईघाईनं आले.

"बाई, व्हॅक्यूमचा पाइप चिरला. काही तरी द्या, आज माल भरायचा हाय."

"कापडाचा संपला. हा प्लास्टिकचा आहे."

"टिकते काय हा?"

"जाड तर आहे," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि पाइप कापून दिला.

आठवडाही गेला नसेल. मनसरच्या अलीकडे उतारावर वामनरावांनी ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक दगडासारखा घट्ट. इंजिनाच्या धगीनं पाइप मऊ पडला होता आणि आतल्या ओढीनं चपटा होऊन बंद झाला होता. समोर बैलगाड्या होत्या. त्यांनी ट्रक कडेच्या कडुलिंबावर घातला. बाकी कोणाला खरचटलंही नाही, पण त्यांचा डावा गुडघा फुटला.

मनकर्णाबाई दवाखान्यात गेल्या. खाटेजवळ वामनरावांची बायको भीमाबाई बसली होती.

"आता काहून आली वं?" ती म्हणाली.

वामनरावच म्हणाले, "राहू दे वं. मीच घेतला ना पाइप." हे ऐकून मनकर्णाबाईंना जास्तच लागलं.

घरी आल्यावर त्यांनी त्या प्लास्टिकचा तुकडा उकळत्या पाण्यात टाकला. बाहेर काढून दोन बोटांत धरला तर दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या. लहानपणी पपईच्या पानाच्या देठानं पाणी ओढताना कोमेजलेला देठ असाच मिटायचा. मग त्यांनी दुकानातल्या प्रत्येक पाइपाचा तुकडा गरम पाण्यात घातला आणि इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवला. पाण्याचा साधा रबरी होज तेलानं फुगून लिबलिबीत झाला. प्लास्टिक पुढं कडक होऊन तडकलं. कापडाच्या जुन्या होजचा तुकडा होता तसाच राहिला. शेजारच्या गॅरेजवाल्यानं आणखी एक गोष्ट सांगितली: लांबच्या पल्ल्याला लोखंडी नळी टाकावी, रबर फक्त टोकांना, जिथं इंजिन हलतं तिथं.

प्लास्टिकचं भेंडोळं त्यांनी कूलरमध्ये पाणी भरायला देऊन टाकलं. ब्रेकसाठी कोणी मागितलं तर सरळ नाही म्हणायच्या.

"बाजूच्या दुकानात भेटते, बाई."

"भेटत असन. मी नाई देत."

बरीच गिऱ्हाइकं तुटली. मनकर्णाबाईंची तगमग व्हायची, पण त्यांनी दुसरं भेंडोळं घेतलं नाही.

वामनरावांचा गुडघा वाकेना. क्लच दाबता येईना, ट्रक सुटला. हे कळल्यावर मनकर्णाबाई त्यांच्या घरी गेल्या आणि वामनरावांकडे बोट करून भीमाबाईला म्हणाल्या, "यायले दुकानात पाठवा."

"दया करून राहिली काय आमच्यावर?" भीमाबाईनं विचारलं.

"नाई. मले गाडीतलं अर्धंच समजते. गिऱ्हाईक विचारते आन मले गप बसा लागते. यायले सगळं माहीत आहे."

पुढच्या सोमवारी भीमाबाईच नवऱ्याला रिक्षानं घेऊन आली, आत बसून चहा प्यायली आणि गेली.

वामनराव मग त्या दुकानातच रमले. पुढं कापडाचा होजही बाजारात पुन्हा मिळू लागला. ड्रायव्हर त्यांना ओळखत होते, त्यामुळे तुटलेली गिऱ्हाइकंही थोडी थोडी परतली. व्हॅक्यूमचा पाइप मागायला कोणी आलं की ते आपल्या पायाची हकीकत सांगायचेच. एकदा एका नव्या ट्रकवाल्याला त्यांनी ती सांगितली आणि शेवटी म्हणाले, "एका दुकानदारानं देल्ला होता गा प्लास्टिकचा. नाव कायले घेऊ?"

मागं होज कापत बसलेल्या मनकर्णाबाईंनी मान वर केली.

"म्याच देल्ला होता," त्या म्हणाल्या.

वामनराव हसले. ट्रकवाल्यानं कापडाचा होज घेतला आणि तो बसवायचा कसा, हे वामनरावांना विचारू लागला.