रिकामी पात

लेझरचं मशीन जागचं हलत नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ते कळलं नाही तर पुढचं काहीच कळायचं नाही. खाली खुर्चीत बसून बघणाऱ्याला वाटतं की हिरवा उजेड या टोकाकडून त्या टोकाकडे सळसळत गेला. गेलेलं काही नसतं. लोखंडी सांगाड्यावर सहा मशीन ओळीनं बसवलेली असतात आणि सगळ्यांना काम एकच दिलेलं असतं, वाक आणि उभं राहा. फक्त पहिल्याचा किरण वाकला की दुसऱ्याचा जरा उशिरा वाकतो, तिसऱ्याचा त्याहून उशिरा. या उशिराला धंद्यात ऑफसेट म्हणतात. मी त्याला मागंपुढं म्हणते. ते नीट जमलं की बघणाऱ्याला वाटतं, ओळीतून कुणीतरी चालत गेलं. कोण गेलं ते कुणी विचारत नाही. टाळ्या वाजवतात.

मी सातवीपर्यंत शिकलेली. माहेर टाकवे बुद्रुकचं, दिली कुसगावात. आमचा मांडवाचा आणि स्पीकरचा धंदा. मालक गेल्यावर मुलानं लेझर आणले, लोणावळ्याच्या हॉटेलांतून मागणी होती म्हणून. मुलाला वायरी कळतात, सांगाडा कळतो, पण मागंपुढं काही जमेना. प्रत्येकाला आधीच्यापेक्षा अगदी सारखा उशीर द्यायचा, तरी लाट मेल्यासारखी दिसायची. एक दिवस मी म्हटलं, "सरक, मला बघू दे."

"आई, हा लॅपटॉप आहे, मिक्सर नाही."

"मिक्सर असता तर तू हातच लावला नसतास."

बसले. पडद्यावर सहा पट्ट्या होत्या, एकेका मशीनची एकेक. मी आकडे बघितलेच नाहीत. डोळ्यांपुढे लावणी आणली. भातलावणीला आम्ही बायका ओळीनं उभ्या राहायचो, प्रत्येकीची आपापली पात. पात म्हणजे दोन्हीकडे हात पोचेल एवढा पट्टा, तेवढा तिनं लावायचा. पहिली वाकली की दुसरी, दुसरीपाठोपाठ तिसरी, आणि लांबून बांधावरून बघितलं तर ओळीतून वारं गेल्यासारखं दिसायचं. तशा एकेक पट्ट्या बोटानं मागंपुढं सरकवल्या. मुलगा उठून उभाच राहिला. तेव्हापासून पट्ट्या माझ्याकडे. पुढे पुढे तो एवढंच विचारायचा, "शेवटच्या मशीनला नेहमी जास्त उशीर का देतेस? लाट लंगडते ना टोकाला." मी म्हणायचे, तसंच बरं दिसतं. खरं कारण मलाच ठाऊक नव्हतं. ते त्या संध्याकाळी कळलं.

आता आक्काचं सांगते. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तीस वर्षं आम्ही एका ओळीत लावणी केली, तिची पात शेवटची, माझी तिच्या लगतची. गेल्या तीन-चार वर्षांत तिचं विसरणं फार वाढलं. आधी नावं गेली, मग घरं गेली, मग एकदा स्वतःच्याच दारात उभी राहून विचारायला लागली, "हितं कोन ऱ्हातं वो?" घरी एकटी ठेवली की उठून चालू लागते. आणि समोरून कुणी घाईनं आलं की घाबरून मागे सरते, मागे काय आहे ते बघत नाही. म्हणून कामावर जाताना आम्ही तिला टेम्पोत घालून नेतो. माझ्या शेजारी खुर्ची टाकायची, मांडीवर शाल, हातात बिस्किटाचा पुडा. तिची जबाबदारी माझी, हे घरात ठरलेलंच होतं.

त्या दिवशी कुसगावच्या वरच्या अंगाला एका हॉटेलच्या हिरवळीवर काम होतं, कुठल्याशा कंपनीची पार्टी. पावसाळा सरत आला होता. हिरवळीच्या एका बाजूला हॉटेल, दुसऱ्या बाजूला दरी. दरीकडचा कठडा नवीन बांधायचा म्हणून काढला होता आणि त्या जागी नुसती लाल-पांढरी फीत बांधली होती. आम्ही सांगाडा हॉटेलच्या बाजूला उभा केला, किरण दरीच्या दिशेनं. सहाच्या सुमारास खालून धुकं चढलं. चढलं म्हणजे काय, हिरवळीवरच्या खुर्च्या एकेक करून गेल्या. हॉटेलचा मॅनेजर हसत म्हणाला, "मावशी, तुमचं धुराचं मशीन बंदच ठेवा, वरच्यानं फुकट पाठवलंय."

साडेसहाला मी चाचणी घेतली. धुक्यात किरण नुसते दिसत नाहीत, त्यांना अंग येतं, हात लावावा असं. मी लाट सोडली आणि सहा हिरव्या काठ्या एकीमागून एक वाकत गेल्या. शेजारी आक्काची बोटं मांडीवर हलत होती. शालीचं टोक चिमटीत धरायचं, खुपसायचं, सोडायचं. मला वाटलं, थंडीनं करत असेल. मी पडद्यात मान घातली. दुसऱ्या मशीनचा रंग फिका येत होता, तो बघत बसले. किती वेळ ते सांगता यायचं नाही. मान वर केली तर खुर्चीत शाल होती, आक्का नव्हती.

"आक्का!"

धुक्यात हाकेचं काय होतं ते घाटावरच्या माणसाला माहीत असतं. ती जाते आणि भलत्याच बाजूनं परत येते, दुसऱ्या कुणीतरी मारल्यासारखी. मुलगा "मोठी आई, मोठी आई" करत धावला. मॅनेजर बॅटरी घेऊन आला, तिच्या उजेडात त्याचा स्वतःचा हातच तेवढा दिसत होता. मला त्या फितीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

"आई, सगळी मशीन एकदम फुल टाक!"

टाकली. समोर हिरवी भिंत उभी राहिली, कसलीच फट नसलेली. आहे ते दिसणंही गेलं. आणि त्या भिंतीपलीकडे कुठेतरी चपलेचा एक आवाज झाला, चट्. मी सगळं बंद केलं. ओरडले, "कुणी धावू नका. कुणी हाक मारू नका. ती मागे सरेल."

मग मला तिची बोटं आठवली. ती थंडीनं हलत नव्हती. रोप लावत होती.

मी मशीनची ताकद अगदी कमी केली, डोळ्यांना इजा नको म्हणून. किरण एरवी माणसाच्या डोक्यावरूनच जातात, ते मी खाली आणले, वाकले की गवताला टेकतील इतके. वेग लावणीचा धरला. वाक, खुपस, ऊठ, पुन्हा वाक. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. शेवटच्या पट्टीवर हात गेला तसा तो आपोआप थोडा पुढे सरकला आणि थांबला, आणि तेव्हा मला कळलं की मी इतकी वर्षं कुणाचा उशीर लावत होते. आक्का वाकण्याआधी एकदा कमरेवर हात ठेवायची, हूं करायची, मग वाकायची. रोज, प्रत्येक रोपाला.

हिरवळीवर ओळ वाकू लागली. पाच लाटा गेल्या. सहावी गेली. सातव्या लाटेला ओळीच्या टोकाला, शेवटच्या किरणापलीकडे, एक काळी आकृती वाकली. अगदी वेळेवर. हूं करून.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मुलगा पुटपुटला, "सापडली." मीही तेच म्हटलं असतं, पण पुढच्या लाटेला ती आकृती मघाच्या जागेवर नव्हती. पाऊलभर पलीकडे होती. त्यापुढच्या लाटेला आणखी पाऊलभर.

आता बघा, लावणी करणारी बाई पुढे जात नाही. पुढे तिनं लावलेली रोपं असतात, ती तुडवायची नसतात. ती मागे मागे सरकते. आणि आक्काच्या मागे दरी होती.

मुलगा कडेकडेनं तिच्याकडे निघाला. त्याच्या पायाखाली काहीतरी मोडलं, आणि ती भराभर लावू लागली, मुकादम आल्यावर मागे पडलेली बाई लावते तशी. एका लाटेत दोन पावलं. मी त्याला हातानं थांबवलं. लाट एकदम तोडावी तर अंधार, अंधारात ती कुठेही पाय टाकणार. चालू ठेवावी तर मीच तिला मागे नेत होते. माझ्याच बोटांनी, एकेक पाऊल. मॅनेजर हळूच म्हणाला, "मावशी, फीत चार-पाच पावलांवर असेल." त्याच्या आवाजात आता हसू नव्हतं.

लावणीत बाया कधी थांबतात? एकदाच. बांध आला की. पाठीमागे बांध लागला की सगळ्या ओळीचं मागंपुढं संपतं, साऱ्याजणी एकदम उभ्या होतात, पहिलीही आणि शेवटचीही. कुणी सांगावं लागत नाही. शेजारीण उठली की आपली पाठ आपोआप उठते.

मी सहाही पट्ट्यांचा उशीर ओढून शून्यावर आणला आणि वाकणं थांबवलं. सहाही किरण एकदम उठले, डोक्यांच्या वर गेले आणि सरळ राहिले.

ती वाकलेलीच होती. एक क्षण, दोन क्षण. मग टोकाची आकृती सावकाश उभी राहिली. तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"आला का गं बांध?"

"आला, आक्का."

"मंग सांगायचं न्हाई व्हय? वाकून वाकून पाट मोडली माजी."

मुलानं तोवर मागून जाऊन तिला धरलं होतं. ती त्याच्यावर डाफरली, "सोड रं, पाय चिखलाचं हायती, धुऊ दे." खुर्चीत आणून बसवली तेव्हा तिची बोटं गार होती, नखांत माती. माझ्याकडे तिनं टक लावून बघितलं. दोन वर्षांत मला तिनं ओळखलं नव्हतं.

"धाकले," ती म्हणाली, "कुटं व्हतीस तू? तुजी पात तशीच ऱ्हायली."

मी म्हटलं, "हितंच व्हते की मी."

"न्हाई. लय वाट बघितली मी."

पार्टी व्हायची ती झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी येऊन म्हणालं की ती लाट जिवंत वाटली. मी आक्काच्या पदराला माझ्या पदराची गाठ मारून बसले होते.

सकाळी सामान काढायला गेलो. ऊन पडलं होतं, दरी तळापर्यंत दिसत होती, ती बघायला मी गेले नाही. हिरवळीवर मात्र बघितलं. आक्कानं गवताच्या काड्या उपटून पुन्हा मातीत खुपसल्या होत्या, तीन-तीन काड्यांची चूड, वीतभर अंतरावर, दोरी लावल्यासारख्या सरळ. तो पट्टा मागे मागे गेला होता आणि फितीपासून दोन हातांवर संपला होता. मॅनेजर तोंडात बोट घालून उभा होता. "एवढ्या वेळात एवढं?" मुलगा म्हणाला.

मी दुसरंच बघत होते. शेवटच्या मशीनचा किरण जिथे गवताला टेकत होता तिथपासून आक्काचा पट्टा सुरू होईपर्यंत मध्ये जागा होती. एका बाईचे दोन्हीकडे हात पोचतील एवढी. तिथलं एकही पातं उपटलेलं नव्हतं. त्या जागेमुळेच किरण तिच्या अंगावर आला नव्हता. गच्च धुक्यात, काही आठवत नसताना, तिनं माझी पात माझ्यासाठी सोडून आपली धरली होती.

आक्का टेम्पोत पुढे बसली होती, तिच्या पदराची गाठ सीटला मारून. काच वर होती. मुलगा वायरी गुंडाळत होता. मी त्या रिकाम्या पातीत दरीकडे पाठ करून उभी राहिले, आक्काच्या शेवटच्या चुडीच्या बरोबरीला. तीन काड्या उपटल्या, वाकले आणि खुपसल्या. शेजारून कुणीतरी हूं केलं. मी वळून बघितलं नाही. दुसरी चूड लावायचं धाडस झालं नाही, कारण एक रोप लावलं की पाय आपोआप मागे सरतो, आणि माझाही सरला होता.