भिंतीआडचे बोंबील

आधी मावशीचं सांगायला हवं. ती नसती तर मी अजूनही स्वतःच्या हातांकडे संशयाने बघत बसले असते. मावशी नात्याची नाही. काशीदजवळच्या कोळीवाड्यात, मासळी सुकवायच्या खळ्यावर मला काम दिलं ते तिने. मी परभणीकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि नवऱ्याला इकडे बंगल्यावर माळीकाम मिळालं म्हणून समुद्राकाठी आले.

बोंबील सुकवायचे तर दोन मासे एकमेकांच्या जबड्यात अडकवून ती जोडी दोरीवर टांगायची. ते मी लवकर शिकले. मी नवी, म्हणून माझ्या दोऱ्या खळ्याच्या अगदी टोकाला, बंगल्याच्या कुंपणभिंतीला लागून. बाकीच्यांचे बोंबील कडक वाळायचे. माझे ओलसर राहायचे, पिवळे पडायचे, अळ्या धरायचे.

"घाटावरची आली नि किडा लागला," शेजारची बाई म्हणाली. "हातच तसा असंल."

"बोंबलाला तिची बोली कलत न्हाय गो," दुसरी हसली.

मला ते खरंच वाटत होतं. माझ्या जन्माच्या साली वडील गेले, तेव्हापासून गावाला मी पांढऱ्या पायाची. एवढ्या लांब आले तरी ते माझ्या मागोमाग आलंच, असं वाटलं. शेवटी मावशीला म्हटलं, "उद्यापासून येत नाही मी. तुमचं नुकसान नको."

ती एक बिघडलेला बोंबील नाकाशी धरून बघत होती. "थांब गो. हात वाईट का जागा वाईट, ते तरी बगू."

तिने ठरवलं ते असं. एकाच पाटीतले अर्धे बोंबील मी अडकवायचे, अर्धे तिने. मग माझ्यातले थोडे तिच्या दोरीवर, थोडे भिंतीपाशी, तिचेही तसेच. ओळखायला माझ्या जोड्यांना लाल दोरा.

"आणि माझाच हात निघाला तर?"

"त मंग तुला दुसरं काम बगू. पन कलायला तं पायजे."

"कळून काय होणार, मावशी?"

"अगो, मला झोप लागंल!"

माझा जीव जात होता आणि ही बाई खुशीत. येता-जाता बोंबील दाबून बघायची, हुंगायची, एकटीच पुटपुटायची. मी दोऱ्यांकडे फिरकत नव्हते. एका दुपारी तिने जुन्या लुगड्याच्या चिंध्या दोन्हीकडे बांधल्या आणि मला ओढत नेलं. समुद्राचा वारा सुटला होता. तिच्याकडच्या चिंध्या फडफडत होत्या. भिंतीआडच्या नुसत्या लोंबत होत्या.

बोंबलांनीही तेच सांगितलं. मावशीच्या दोरीवरचे लाल दोऱ्याचे कडकडीत वाळले. भिंतीआड मावशीच्या हातचेही सडले. त्या वर्षी खळ्यावर दोन नव्या गोष्टी आल्या होत्या, मी आणि ती भिंत. बायकांना मीच दिसले. खरं म्हणजे मलाही मीच दिसले होते.

कुणी माफी मागितली नाही. "आता भिंत कोन हलवनार?" एवढंच शेजारची म्हणाली. भिंत अजून तिथेच आहे. मावशीने आपल्या अर्ध्या दोऱ्या मला दिल्या, तेव्हापासून तिचा माल निम्म्यावर आला. आता बंगलेवाले वासाची तक्रार करतात. खळं किती दिवस राहील, सांगता येत नाही. मावशीचे गुडघे गेलेत, ती दारात बसूनच विचारते, "आज वारा कुठून हाय?"

भीती माझी गेलेली नाही. नवऱ्याला यायला उशीर झाला की अजून मी दारात जाऊन वाटेकडे बघत राहते. पण आता त्या भीतीला मी विचारते, कशावरून? कधी कधी उत्तर मिळतं, आणि त्या दिवशी मला खरंच आनंद होतो. एवढा आनंद मला शाळेत कधी भेटला नव्हता. भेटायच्या आधीच शाळा सुटली असेल.

परवा मी तिला आमच्या काळ्या रानाचं सांगितलं, उन्हाळ्यात भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जातो. ती एकदम सरसावून बसली. "आतून थंड लागतं का गरम?" मी कधी बघितलंच नव्हतं.

गावात पाय ठेवायची मला अजून भीती वाटते. तरी एका उन्हाळ्यात मावशीला घेऊन मी जाणार आहे. बांधापर्यंत पाठीवर बसवून न्यावं लागलं तरी नेईन, आणि तिचा हात त्या भेगेत घालीन.