उजवीकडची सीट

परदेशातल्या जॉन्सनव्हिल या उपनगरातल्या आमच्या चढाच्या गल्लीत शेवटचं घर शेजारच्या बाईंचं. वय चौऱ्याहत्तर, बांधा बुटका, आवाज मात्र गल्लीच्या खालच्या टोकापर्यंत पोचणारा. जवळच्या पोरिरुआ गावात तीसेक वर्षं त्यांनी शाळेच्या बसेस चालवल्या होत्या. नवरा गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचा, रंग मारायचा. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तो होता. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी बागेत काम करता करताच गेला. त्यांना मूलबाळ नव्हतं.

त्यांच्या गॅरेजमध्ये एक जुनी अमेरिकन गाडी होती. मसल कार म्हणतात तसली, साठच्या दशकातली, दोन दारांची, गर्द हिरवी. नाक लांबलचक, मागची बाजू आखूड आणि आत आठ सिलिंडरचं इंजिन. अमेरिकेहून जहाजानं आलेली, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. नवऱ्यानं ती गंजलेल्या अवस्थेत आणली आणि दोन हिवाळे खपून नीट केली, पण चालवायच्या त्या बाईच. त्यांनी ती सुरू केली की आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या वाट्या किणकिणायच्या. बायको म्हणायची, "निघाली बघ स्वारी."

पुण्यात सातारा रोडवर एका टायरवाल्याच्या दुकानात असल्याच गाडीचं कॅलेंडर होतं. शाळेतून येताना मी तिथे रेंगाळायचो. वर्ष उलटून गेलं तरी त्यानं ते कॅलेंडर काढलं नव्हतं. म्हणून कंपनीनं तीच गाडी जुन्या नावानं आणि जुन्या चेहऱ्यानं पुन्हा काढली, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी मी ती घेतली. करड्या रंगाची, ऑटोमॅटिक, स्टिअरिंग आपलं उजवीकडे. बायकोनं मागचं दार शोधलं, ते नाही म्हटल्यावर पुढची सीट पाडून मागे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "चार माणसांची म्हणतोस, मग मागच्या दोघांनी पाय घरी ठेवून यायचं का?"

शेजारच्या बाई बघायला आल्या. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा फरक नसतो, पण त्यांचं बोलणं मला कायम 'तू'मध्येच ऐकू यायचं. गाडीभोवती त्यांनी एक सावकाश चक्कर मारली, मागच्या दिव्यांवरून बोट फिरवलं.

"सुरू कर," म्हणाल्या.

मी केली. त्यांनी डोकं आत घातलं, मग बाहेर काढलं, मग पुन्हा आत घातलं.

"आतला आवाज बाहेरच्यापेक्षा मोठा कसा?"

 त्या गेल्यावर मी माहितीपुस्तक उघडलं. इंजिनाचा थोडा आवाज स्पीकरमधून आत सोडलेला असतो, असं त्यात सरळ लिहिलेलं होतं. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, म्हणजे हे काम आमच्याच भाईबंदांचं. तरी मला कोणी माझ्यापुढे खोट्या टाळ्यांची टेप वाजवल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी बाईंना खरं ते सांगून टाकलं. त्या इतक्या हसल्या, की हातातली कात्री खाली ठेवावी लागली.

"अरे, वाईट वाटून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "माझीला पावसात काच पुसता येत नाही धड. तुझी निदान थांबते तरी."

पण मला वाईट वाटत होतंच. पुढचे काही महिने मी दोन्ही गाड्यांची मनातल्या मनात तुलना करत राहिलो. आकड्यांत माझी कुठेच कमी नव्हती. ती जास्त वेगात जायची, कमी पेट्रोल प्यायची, वळणावर रस्ता सोडायची नाही. तरी संध्याकाळी बाई गॅरेजचं दार वर करायच्या तेव्हा मी घरातलं काम टाकून खिडकीशी जायचो. माझी गाडी बाहेर काढताना त्यांच्या खिडकीत कोणी येत नव्हतं.

मग फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, एका शनिवारी त्या आमच्या दाराशी आल्या. वाइरारापात, डोंगरापलीकडच्या एका गावी, दर उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. नवरा होता तोवर दोघं कधी चुकले नव्हते. तो गेल्यापासून गाडी जवळच्या टिटाही बेच्या किनाऱ्यापर्यंत आणि परत, एवढीच जायची.

"का?" मी विचारलं.

"मला ओव्हरटेक करता येत नाही."

मला वाटलं, त्या थट्टा करताहेत. तीस वर्षं बस चालवलेली बाई! पण मग त्यांनी समजावलं. इथे आपण डावीकडून चालतो आणि त्यांचं स्टिअरिंगही डावीकडेच. पुढे ट्रक असला की पलीकडून काय येतंय ते चालवणाऱ्याला दिसत नाही, उजवीकडे बसलेल्याला दिसतं. इतकी वर्षं तिथे नवरा बसायचा. तो 'जा' म्हणाला की त्या जायच्या.

"उद्या तू बसशील?" त्यांनी विचारलं. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाई, पण हे त्यांनी हळू विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढे हिरवी गाडी, मागे आमची करडी. ती बायको चालवत होती, शेजारी आमची सोळा वर्षांची मुलगी. जुन्या गाडीत बसल्यावर पहिल्यांदा जाणवला तो पेट्रोलचा वास, मग पायाखालची ऊब. बोलायची सोयच नव्हती. रेमुटाकाचा घाट चढताना वारा गाडीला बाजूनं ढकलत होता आणि बाई स्टिअरिंग सतत थोडं थोडं इकडेतिकडे करत होत्या. पोळी लाटताना ती फिरवत राहावी तसं. घाट उतरताना त्यांनी खालचा गिअर टाकला आणि ब्रेकला जवळजवळ पाय लावला नाही. "तापले की संपले," एवढंच त्या ओरडून म्हणाल्या.

फेदरस्टन गाव मागे पडल्यावर सपाट, सरळ रस्ता लागला. दोन्ही बाजूंना वाळलेलं पिवळं गवत. पुढे गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रक रमतगमत चाललेला.

"बघ," बाई म्हणाल्या.

मी काचेला गाल लावून पाहिलं. रस्ता लांबवर रिकामा होता.  "जा," मी म्हणालो. त्यांनी गिअर खाली घेतला, इंजिन गरजलं, गाडीचं लांब नाक ट्रकच्या बाहेर आलं आणि त्याच क्षणी समोर, सपाट वाटणाऱ्या रस्त्यातल्या खोलगट जागेतून, एक पांढरी यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, वर आली. ती तिथे लपू शकेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"थांबा! थांबा, थांबा!" मी मराठीत ओरडलो.

त्यांना तो शब्द कळण्याचं काही कारण नव्हतं. पण त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी परत ट्रकच्या मागे घेतली. ब्रेक एकीकडे ओढत होता. गाडी डावीकडच्या खडीवर गेली, हलली आणि गवतात उभी राहिली. यूट हॉर्न देत निघून गेली. मागे बायकोनंही गाडी बाजूला घेतलेली दिसली.

 मी माफी मागायला लागलो. बाई समोर बघत होत्या. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात सैल पडले होते.

"तोही चुकला होता एकदा," त्या म्हणाल्या. मग, "दोनदा. दुसऱ्या वेळी आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नव्हते."

तेवढ्यात बायको धावत आली. खिडकीत वाकून तिनं आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे, बाजूची पाटी बघत जा ना! पुढे खोलगट आहे म्हणून लिहिलंय तिथे." ती मराठीतच म्हणाली. पाटी खरोखरच होती. मी गाड्या बघत होतो, पाटी नाही.

मला वाटलं, आता आपल्याला उतरवतील. ते रास्तच झालं असतं. पण बाईंनी चावी फिरवली आणि विचारलं, "बसतोस ना? ट्रक फार लांब गेला नसेल."

दहा मिनिटांनी आम्ही त्याला पुन्हा गाठलं. या वेळी मी पाटी वाचली, रस्त्याची रेघ पाहिली, कुंपणाचे खांब कुठे बुडतात का ते पाहिलं. दोनदा "नाही" म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो, "जा." गाडी ट्रकच्या बाजूनं सुसाट गेली, गवताचा वास भपकन आत आला आणि पुढे सगळा रस्ता मोकळा होता.  बाईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी समोर बघत राहिलो.

मेळ्यात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लावल्या. लोक हिरवीपाशी गोळा व्हायचे, बॉनेट उघडायला सांगायचे. करडीकडे बघून सौजन्यानं मान हलवायचे. सकाळच्या प्रकारानंतर मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मी सावलीत बसून सॉसेज खात होतो आणि जिवंत होतो.

परत निघायच्या वेळी बाईंनी मनगटं चोळली. त्यांना संधिवात होता. सकाळच्या ओढाताणीनं हात सुजले होते. त्यांनी हिरव्या गाडीची चावी माझ्या हातात दिली आणि माझीची मागितली.

म्हणून ती गाडी मी एकदा चालवली. सुरुवातीला दोनदा बंद पडली. क्लच दाबून मांडी थरथरायला लागली. स्टिअरिंग थोडं फिरवलं तर काही व्हायचं नाही, अजून थोडं फिरवलं तर एकदम सगळं व्हायचं. साधं वळण पार पडलं तरी काहीतरी केल्यासारखं वाटायचं. शेजारी उजवीकडे आमची मुलगी. एरवी गाडीत बसली की तिच्या कानात गाणी असतात. त्या दिवशी मी तिला खोलगट जागेचं, पाटीचं, रेघेचं सांगितलं. तिनं कानातलं काढून खिशात ठेवलं आणि पाठ ताठ करून बसली.

"नॉट येट," ती म्हणायची. "बाबा, नॉट येट. कार्स आर कमिंग." आणि मग, "ओके. नाऊ."

मी गेलो. स्वतःला काहीही दिसत नसताना, तिच्या एका शब्दावर.

घरी पोचलो तर करडी आधीच आलेली. बायको आणि बाई आतच बसून होत्या, काचा बंद, दोघींचं बोलणं संपायचं होतं. रात्रीच्या जेवणाच्या वेळी बायकोनं सांगितलं, की बाई सगळ्या रस्ताभर नवऱ्याबद्दल बोलत होत्या. कसा भेटला, मूल होत नाही म्हटल्यावर काय म्हणाला, त्या सकाळी बागेत काय झालं. तीन वर्षांत कुंपणापाशी यातलं एक अक्षर निघालं नव्हतं.

"त्यांच्या गाडीत कधी बोलणंच झालं नसेल गं," मी म्हणालो.

"त्याच म्हणाल्या तसं," बायको म्हणाली. "तुझीत शांत वाटतं म्हणाल्या. आणि तो आवाज बंद करायचं बटण त्यांनीच शोधून काढलं."

मी आजवर ते बटण शोधलं नव्हतं.

नवी गाडी जुनीच्या तोडीची आहे का, असं ऑफिसातलं कोणी ना कोणी अजून विचारतं. पूर्वी मी आकडे सांगायचो. आता सांगतो, की जुनीनं मला घाबरवलं आणि नवीनं बाईंना घरी आणलं, आणि त्या दिवशी दोन्ही लागल्या. लोकांना हे उत्तर पुरत नाही. मलाही पुरतं असं नाही. दोघींचं नाव एक असलं तरी कामं वेगळी आहेत एवढं मात्र मला पटलंय.

त्या हिवाळ्यात बाईंच्या उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जड क्लच आणि जड स्टिअरिंग दोन्ही सोडायला सांगितलं. हिरवी आता मास्टरटनला त्यांच्या भाचीकडे असते. भाची आणि तिची मैत्रीण दोघी मिळून चालवतात. गाडी न्यायला त्या आल्या तेव्हा बाईंनी एक तास घेऊन उजवीकडे बसणाऱ्या मैत्रिणीलाच शिकवणी दिली. चालवणारीला काही सांगितलं नाही.

रविवारी आम्ही पोरिरुआच्या बाजाराला निघालो की बाई आमच्याबरोबर येतात. पुढे डावीकडे बसतात. मागे बायको आणि मुलगी पाय दुमडून. घाट नाही, ट्रक नाही, वीस मिनिटांचा रस्ता. कोथिंबिरीची जुडी मांडीवर ठेवून परतताना बहुतेक वेळा बाईंना झोप लागते.